आंबेनळीचा उतार

प्रवासांत सुटणाऱ्या मळमळीला मराठींत स्वतंत्र नांव नाहीं. आपण नुसतें 'गाडी लागली' म्हणतों. ठेंच लागावी, दृष्ट लागावी, उचकी लागावी, तशी गाडीही लागते. दोष गाडीचा कीं आपला, हें त्या क्रियापदांत मोघमच राहतें. मुंबई-गोवा आगबोटी चालू होत्या त्या काळीं कोंकणच्या माणसाला बोट लागे, आणि हर्णै बंदरांत पडावांतून उतरणाऱ्या पाहुण्याचा चेहरा पाहूनच यजमान चहाऐवजीं आमसुलाचें सार पुढें करीत, असें आमच्या आजोळीं सांगत. ग्रीक भाषेंत तर मळमळीचा शब्दच जहाजाच्या शब्दावरून निघाला आहे. म्हणजे हें दुखणें चाकाइतकें नसलें तरी शिडाइतकें जुनें खास.

दारूचें तसें नाहीं. ती चढते, आणि चढलेली केव्हां तरी उतरते. घाटही चढतो आणि उतरतो. हे दोन्ही उतार आम्हांस एकाच सकाळीं, एकाच वळणावर भेटले. त्याची ही हकीकत.

२०१८ सालच्या डिसेंबरांत आमच्या पुतण्यानें एका हौशी मोटाररॅलींत नांव नोंदविलें. रॅली म्हटली कीं वाचकांच्या डोळ्यांपुढें धुळीचे लोट उडवीत, वळणावर आडवी होत जाणारी शर्यतीची मोटार उभी राहील. ती जात निराळी. आम्ही गेलों त्या रॅलींत बक्षीस होतें तें तंतोतंतपणाला. निघण्यापूर्वीं थोडा वेळ संयोजक एक वही हातीं देतात. कोणत्या किलोमीटरला कोठें वळावयाचें आणि कोणत्या टप्प्यांत ताशीं किती सरासरी वेग राखावयाचा, एवढें तींत दिलेलें असतें. वळणें दाखविण्यास लहान लहान आकृत्या असतात: खालीं ठिपका, तेथें आपण, वर बाणाचें टोंक, तिकडे जावयाचें. नेदर्लंडमध्यें १९४९ सालीं सुरू झालेल्या ट्यूलिप रॅलीवरून या आकृत्यांना 'ट्यूलिप' म्हणतात. फुलाशीं त्यांचा संबंध एवढाच. वाटेंत कोठें तरी, झाडाआड किंवा पुलापलीकडे, मार्शल घड्याळ घेऊन बसलेले असतात. उशीर झाला तर सेकंदाला एक गुण दंड. आणि लौकर पोंचलां तर बहुतेक ठिकाणीं दुप्पट. घाई करणाराला आळशापेक्षां अधिक शिक्षा देणारा हा खेळ आम्हांस तत्त्वतः फार आवडला.

गाडींत माणसें दोन. एक चालक, दुसरा नॅव्हिगेटर. आपण त्याला वाटाड्या म्हणूं. वाटाड्यानें वही वाचावयाची, अंतर पाहावयाचें, आणि आपण किती सेकंद मागें-पुढें आहों हें चालकाला सांगत राहावयाचें. आम्हीं पस्तीस वर्षें महाविद्यालयांत गणित शिकविलें, तेव्हां पुतण्याची दृष्टि आमच्याकडे वळली यांत नवल नाहीं. ताशीं ३६ किलोमीटर वेग असला कीं सेकंदास बरोबर दहा मीटर होतात. ताशीं ३२ असला कीं किलोमीटरला ११२.५ सेकंद लागतात. असल्या हिशेबांना आम्हांस कागदही लागत नाहीं. शिवाय या प्रकाराविषयीं आमच्या मनांत एक जुनें कुतूहल होतें. १९६८ सालीं लंडनहून सिडनीस निघालेल्या ९८ गाड्यांपैकीं ७२ गाड्या मुंबईस पोंचल्या आणि तेथून 'चुसान' बोटीवर चढून ऑस्ट्रेलियास गेल्या. आम्ही तेव्हां बारा वर्षांचे होतों. वर्तमानपत्रांतलीं त्या गाड्यांचीं चित्रें कापून आम्हीं भूगोलाच्या वहींत चिकटविलीं होतीं.

एक गोष्ट मात्र आम्हीं पुतण्यास सांगितली नाहीं. आम्हांस गाडी लागते. लहानपणीं एस. टी.ने कोठेंही जावयाचें म्हणजे आम्हांस वर्तमानपत्राच्या घडीवर बसवीत आणि नाकाशीं लिंबू धरीत. वय वाढलें तशी ती खोड गेली, असा घरांत सर्वांचा समज होता. वाढत्या वयाबरोबर हा त्रास कमी होतो हें खरेंही आहे. पण आमच्या बाबतींत खोड गेली नव्हती, झांकली गेली होती. गेलीं वीस वर्षें आम्ही हटकून पुढच्या आसनावर बसत आलों आणि दूरच्या डोंगरावर नजर ठेवीत आलों, इतकेंच. वाटाड्याला दूरच्या डोंगराकडे पाहण्याची मुभा नसते. हें आमच्या मंडळींच्या तेवढें ध्यानांत आलें. त्यांनीं निघतांना आमच्या कोटाच्या खिशांत एक लिंबू टाकलें आणि कांहीं बोलल्या नाहींत.

बोलल्या त्या वहिनी. आलेपाकाचा डबा गाडींत ठेवून त्या म्हणाल्या, "भाऊजी, तुम्ही बरोबर आहांत म्हणून मी त्याला जाऊं देतें." आलें हें औषध आपल्याकडे आजीबाईच्या बटव्यांतलें, १९८२ सालीं 'लॅन्सेट' या वैद्यकीय साप्ताहिकांत त्याच्या बाजूनें एक प्रयोगही प्रसिद्ध झाला. फिरत्या खुर्चींत बसविलेल्या माणसांना सुंठेच्या पुडीनें प्रचलित गोळीपेक्षां अधिक वेळ धीर धरतां आला. पुढच्या प्रयोगांत सर्वत्र तसेंच आढळलें असें नाहीं. आम्हीं डबा स्वीकारला. वहिनींचें वाक्यही स्वीकारलें, आणि त्याचें वजन आम्हांस तेव्हां कळलें नाहीं.

पुण्याहून तीसेक गाड्या एकेका मिनिटाच्या अंतरानें सुटल्या. आमच्या सोबत्यांत बँकेंतले लोक होते, एक छापखानेवाले होते, दोन सख्खे भाऊ होते, आणि एक जोडपें होतें. त्यांतले यजमान गाडी चालवीत व बाई वही वाचीत. बाई कानांच्या डॉक्टर. कात्रजचा बोगदा, शिरवळ, मग खंबाटकी, असें करीत आम्ही वाईस पोंचलों तोंवर आमचा दंड अवघा चौदा गुण होता, आणि पुतण्या "काका, तुम्ही म्हणजे घड्याळ आहांत!" असें म्हणून चुकला होता.

वाईस ढोल्या गणपतीजवळ कृष्णेच्या घाटावर अर्धा तास विसांवा होता. नदीचें पाणी संथ, पायऱ्यांवर ऊन, आणि मागें मंदिराची ती माशाच्या आकाराची भिंत. अशा ठिकाणीं बसून डोळे मिटावे असें वाटत असतां पलीकडे आरडाओरडा झाला. त्या दोघां भावांतल्या धाकट्यानें, जो वाटाड्या होता आणि ज्याला कात्रजपासूनच गाडी लागली होती, घसा कोरडा पडला म्हणून पायाशीं ठेविलेली बाटली उचलून तोंडाला लावली होती. बाटली वाळ्याच्या सरबताची. रंगही वाळ्याचाच. आंत मात्र इंजिन थंड ठेवण्याचा द्रव होता. थोरल्यानें रेडिएटरसाठीं सोयीस्कर म्हणून त्या बाटलींत भरून घेतला होता. घोंट गोड लागला, म्हणून त्यानें दुसराही घेतला, आणि मग वास आला.

डॉक्टरीणबाईंनीं मूल बाटलीवरचे नांव विचारून घेतलें, मुलाला ओकावयास लावण्याच्या भरीस कोणाला पडूं दिलें नाहीं, आणि दोघां भावांना तडक साताऱ्यास इस्पितळांत धाडलें. संध्याकाळीं निरोप आला कीं मुलगा ठीक आहे, पण एक दिवस ठेवून घेणार आहेत. त्या द्रवांत एथिलीन ग्लायकॉल असतें. तें गोड असतें हीच त्याची दुष्टाई. प्रथम माणूस प्यायल्यासारखा बरळतो, आणि मग यकृतांत त्याचीं आम्लें होऊन मूत्रपिंडें निकामी होऊं शकतात. ज्या घरांत मुलें आहेत त्या घरांत रॉकेल, फिनेल, बॅटरीचें पाणी, कांहींही पिण्याच्या बाटलींत भरूं नये, हें वाचकभगिनींस आम्हीं सांगावें असें नाहीं. पण तो थोरला भाऊही चांगला शिकलेला होता.

पसरणीच्या घाटांत आमचें घड्याळ बिघडलें. एका अंगास धोमचा जलाशय चमकत होता म्हणतात. आम्हीं तो पाहिला नाहीं. आम्ही वहींत पाहत होतों, आणि वहींतले आंकडे हळूहळू एका बाजूस सरकूं लागले होते. प्रथम जांभया आल्या, मग तोंडाला पाणी सुटलें, मग कपाळ गार पडलें. ज्यांना गाडी लागते त्यांना हा क्रम पाठ असतो. पुतण्यानें "किती मागें?" विचारलें कीं आम्ही उत्तर देत होतों, परंतु दातांवर दात ठेवून. पांचगणीच्या पठाराखालून गेलों तेंही पठार आम्हीं पाहिलें नाहीं. महाबळेश्वरीं उतरलों तेव्हां दंड एकशें सहा झाला होता. पुतण्या म्हणाला, "दमलांत, काका." आम्हीं होय म्हटलें.

रात्रीं जेवणानंतर हॉटेलाच्या अंगणांत शेकोटीभोंवतीं मंडळी जमली. वाईचाच विषय निघाला, आणि डॉक्टरीणबाई बोलूं लागल्या. कानाच्या आंत तीन अर्धवर्तुळाकार नळ्या आहेत, एकमेकींशीं जवळजवळ काटकोनांत. त्यांत पाण्यासारखा द्रव भरलेला असतो. डोकें वळलें कीं नळी वळते, द्रव मागें रेंगाळतो, आणि त्याच्या रेट्यानें नळींतला एक लवचीक पडदा वांकतो. तेवढ्यावरून मेंदूला कळतें कीं आपण वळलों. ज्यांच्या कानांतला हा भागच जन्मतः निकामी आहे अशा कित्येक बहिऱ्या माणसांना घेरी येत नाहीं, हें विल्यम जेम्सनें १८८२ सालींच दाखवून दिलें. वही वाचणाराचे डोळे सांगतात कीं आपण स्थिर आहों. कान सांगतो कीं आपण हेलकावत आहों. या दोन साक्षी जुळत नाहींत हेंच गाडी लागण्याचें मूळ, असें जेम्स रीझन या इंग्रज मानसशास्त्रज्ञानें १९७५ च्या सुमारास मांडलें. पण साक्षी जुळल्या नाहींत तर ओकारी कां यावी? ट्रीझमन नांवाच्या संशोधकानें १९७७ सालीं त्यावर मोठा चतुर तर्क केला. मोटार, बोट, पाळणा यांपूर्वींच्या जगांत डोळे आणि कान यांची फारकत बहुधा एकाच कारणानें होई, तें म्हणजे पोटांत विष गेल्यानें. म्हणून शरीर अजूनही घाटांतलें वळण विष समजतें आणि पोट रिकामें करतें.

"आणि चालकाला कां लागत नाहीं?" कोणीं तरी विचारलें.

"चाक त्याच्या हातीं म्हणून," बाई म्हणाल्या. "वळण येण्यापूर्वींच तें त्याच्या मनांत घेऊन झालेलें असतें. कानाला कांहींच अनपेक्षित नाहीं. निरोगी, शुद्धीवरच्या चालकाला गाडी क्वचितच लागते."

तें वाक्य आमच्या मनांत कोठें तरी पडून राहिलें.

मग त्यांनीं एथिलीन ग्लायकॉलच्या विषावरचा जुना उतारा सांगितला. तो म्हणजे मद्यार्क. यकृतांतलें जें द्रव्य त्या विषाचीं आम्लें बनवितें तें दारूच्या पाठीमागें अधिक धांवतें. दारू पाजली कीं तें तिच्यांतच गुंतून पडतें, आणि विष तसेंच लघवीवाटे निघून जातें. आतां अधिक चांगलें औषध निघालें आहे, पण तें नसेल तेथें हाच उपाय करतात. हें ऐकतांच तरुण मंडळींत एकच हंशा पिकला. "म्हणजे औषधच आहे कीं!" असें म्हणून पेले वर झाले. आमच्यासारख्या घरच्या मुलांच्या हातांत ते पेले पाहून आम्हांस पूर्वीं धक्का बसला असता. आतां बसत नाहीं. पुतण्याच्या हातांतही एक होता. तो आमच्याकडे पाहून जरा ओशाळला. आम्हीं पाहिलें न पाहिलेंसें केलें. घरांतल्या वडील माणसानें ज्या गोष्टी न पाहण्याची संवय करून घेतलेली असते त्यांतली ही एक आहे.

बाईंनीं हंसणाऱ्यांना आणखी एक गोष्ट सांगितली, ती फारशीं कोणीं ऐकली नाहीं. कानांतला तो पडदा आणि भोंवतालचा द्रव यांची घनता सारखी असते, म्हणून पडदा ताठ राहतो. मद्यार्क पाण्याहून हलका. तो रक्तांतून प्रथम पडद्यांत शिरतो, पडदा हलका होतो, आणि आडवें होतांच खोली फिरूं लागते. कांहीं तासांनीं द्रवांतही तो मुरतो आणि फिरणें थांबतें. पुढें रक्तांतला मद्यार्क ओसरूं लागला कीं पडद्यांतला आधीं जातो आणि द्रवांतला मागें राहतो; आतां पडदा द्रवापेक्षां जड होतो, आणि फिरणें उलट दिशेनें सुरू होतें. कॅनडांतील दोघां संशोधकांनीं १९७४ सालीं माणसांना जड पाणी पाजून याचा ताळा पाहिला. जड पाणी साध्या पाण्याहून जड, म्हणून त्याचा परिणाम दारूच्या बरोबर उलट. आणि दोन्ही योग्य प्रमाणांत दिलीं तर कांहींच फिरत नाहीं. "ही दुसरी फेरी पहाटेस येते," बाई म्हणाल्या. "आपण म्हणतों उतरली. कानांत ती तेव्हां उलटी चढत असते."

दहा वाजले. आम्हीं पुतण्यास "लौकर ये रे" म्हटलें. तो "हो काका, आलोंच" म्हणाला. खोलींत येऊन आम्हीं खिशांतून मळमळीवरची एक गोळी काढली. या औषधांचा इतिहास गंमतीचा आहे. १९४७ सालीं अमेरिकेंतील बाल्टिमोर शहरीं एका बाईला अंगावरच्या गांधींसाठीं नवें औषध दिलें होतें. गांधींपेक्षां तिला ट्रॅम लागावयाची थांबली याचेंच अधिक नवल वाटलें. पुढच्या वर्षीं तें औषध अटलांटिक ओलांडणाऱ्या एका लष्करी बोटीवर हजाराहून अधिक सैनिकांच्या समुदायांत पारखून पाहिलें, आणि तें बाजारांत आलें. त्या कुळांतल्या गोळ्यांचा एक गुण म्हणा कीं दोष म्हणा, झोंप फार येते. पुतण्या केव्हां येऊन निजला हें आम्हांस कळलेंच नाहीं.

दुसऱ्या दिवशीं आमची गाडी ६ वाजून ३१ मिनिटांनीं सुटली. अजून उजाडावयाचें होतें. महाबळेश्वर समुद्रसपाटीपासून साडेचार हजार फुटांवर आहे, आणि सुमारें ४० किलोमीटर खालचें पोलादपूर जवळजवळ सपाटीवरच. तेवढ्या रस्त्यांत ही सारी उंची खर्ची पडते. तोच आंबेनळी घाट. वरच्या भागांत दाट झाडी आहे, जांभळीच्या व अंजनीच्या गर्द छाया रस्त्यावर आलेल्या, आणि झाडी जेथें फाटते तेथें एकदम दरी. पांचच महिन्यांपूर्वीं, २८ जुलै २०१८ रोजीं, दापोलीच्या कृषि विद्यापीठांतल्या मंडळींची सहलीस निघालेली बस याच घाटांत दरींत कोसळली होती. तीसहून अधिक माणसें गेलीं. तीं सारीं एका कचेरींतलीं, एकमेकांच्या घरीं येणारीं-जाणारीं माणसें होतीं. त्या पावसाळ्यांत कोंकणांत ज्या ज्या घरीं आम्ही गेलों त्या त्या घरीं हाच विषय होता. निघतांना तो आम्हां दोघांच्याही मनांत असावा, पण कोणीं काढला नाहीं.

पहिल्या टप्प्याचा वेग ताशीं ३० होता. म्हणजे किलोमीटरला बरोबर दोन मिनिटें. इयत्ता चौथीच्या मुलाला येईल असें गणित. तें आम्हांस येईना. डोक्यांत कापूस भरल्यासारखें झालें होतें. चौथ्या किलोमीटरला आम्हीं आठ मिनिटांऐवजीं सहा सांगितलीं, पुतण्यानें गाडी रोखली, मग आम्हीं चूक सुधारली, मग त्यानें वेग वाढविला. एरवीं तो हंसला असता. आतां तो कांहीं बोलला नाहीं. पुढचीं दोन वळणें त्यानें बाहेरून घेतलीं.

आम्हीं वही मिटली आणि त्याच्याकडे पाहिलें. डिसेंबरची पहाट, कांच अर्धी उघडी, आणि त्याच्या वरच्या ओंठावर घाम. तो सारखा आवंढा गिळीत होता. तोंडाला पाणी सुटल्याशिवाय माणूस तसा आवंढा गिळीत नाहीं. हें आमच्याइतकें कोण जाणणार? त्याला गाडी लागली होती. आणि चालकाला गाडी लागत नाहीं.

"अरे, जरा बाजूस घे."

"कां? चौदा सेकंद मागें आहों आपण."

"घे म्हणतों ना."

सातव्या किलोमीटरला जेथें रस्ता किंचित् रुंद होता तेथें त्यानें गाडी थांबविली. पावणेसात झाले होते. खालून कोणी तरी दूध घेऊन येत होता, त्याच्या सायकलच्या घंटेचा आवाज वळणावळणानें वर येत होता.

"रात्रीं किती घेतलीस?"

तो गप्प. मग म्हणाला, "चार."

"लहान कीं मोठे?"

"मोठे." आणि थोड्या वेळानें, "काका, पण मी पूर्ण शुद्धीवर आहें. झोंपलोंही तीन तास."

तेव्हां आम्हांस आमच्या सवयीचें एक गणित सांपडलें. मोठा पेला म्हणजे ६० मिलिलिटर. चार झाले २४०. आपल्याकडच्या व्हिस्कींत मद्यार्क ४२.८ टक्के, म्हणजे सुमारें १०३ मिलिलिटर, वजनांत ८१ ग्रॅम. पुतण्याचें वजन ७०. त्यांतला ज्या भागांत मद्यार्क पसरतो तो सुमारें सात-दशांश, म्हणजे ४९ किलो. भागाकार केला तर रक्ताच्या १०० मिलिलिटरमागें १६५ मिलिग्रॅम. शरीर ताशीं सुमारें १५ मिलिग्रॅम नाहींसें करतें. कॉफीनें, थंड पाण्यानें, लिंबाच्या सरबतानें तो वेग वाढत नाहीं. रात्रीं दहापासून पावणेसातपर्यंत पावणेनऊ तास, म्हणजे गेले १३१. उरले ३४. आपल्या १९८८ च्या मोटार वाहन कायद्याची मर्यादा ३०.

अर्थात् हा अंदाज आहे. माणसापरत्वें त्यांत पुष्कळ फरक पडतो. पण हा हिशेब आम्हांस रात्रींच मांडतां आला असता. चाळीस किलोमीटरच्या रस्त्याचा अर्ध्या सेकंदाचा हिशेब आम्हीं आदल्या दिवशीं ठेविला, आणि हा ठेविला नाहीं. कारण पेल्याकडे पाहिलें न पाहिलेंसें केलें होतें.

आम्हीं त्याला आंकडे सांगितले. तो चाकावर हात ठेवून पुढें पाहत राहिला. मग एकदम म्हणाला, "मग तुम्ही चालवा. खालीं पोलादपूरपर्यंत."

आतां आमची पाळी होती. क्षणभर असें वाटलें कीं 'बरें' म्हणावें, हळूहळू उतरावें, आणि कोणाला कांहीं कळूं देऊं नये. पण त्या दुधवाल्याची सायकल वळणावरून पुढें आली, अगदीं जवळून गेली, आणि तो आम्हांस नमस्कार करून गेला.

"मला चालवतां येणार नाहीं," आम्हीं म्हटलें. "रात्रीं गोळी घेतली आहे. पेंग आहे अजून."

"कसली गोळी?"

"गाडी लागते त्याची."

तो आमच्याकडे असा वळला कीं जणूं दरींतून कोणी बोललें. "तुम्हांला गाडी लागते?"

"साठ वर्षें लागते आहे."

यावर तो हंसावयास लागला, आणि हंसतां हंसतां दार उघडून उतरला आणि रस्त्याच्या कडेस जाऊन ओकला. आम्हीं खिशांतलें लिंबू काढून त्याच्या हातीं दिलें.

मागून येणाऱ्या गाड्या एकामागून एक गेल्या. डॉक्टरीणबाईंची गाडी थांबली. आम्हीं काय तें एका वाक्यांत सांगितलें. त्यांनीं मान हलविली आणि उपदेश केला नाहीं, याबद्दल आम्ही त्यांचे ऋणी आहों. सर्वांत शेवटीं संयोजकांची गाडी येते. तींत आम्हीं माघार घेतल्याचें लिहून दिलें. त्यांतल्या एका स्वयंसेवकानें आमची गाडी वाडा कुंभरोशीपर्यंत आणून एका खाणावळीपुढें लावून दिली. पुतण्या मागच्या आसनावर तोंडावर रुमाल घेऊन निजला.

आणि आम्हांस या सबंध सफरींत पहिल्यानेंच कांहीं पाहावयास सवड मिळाली. कुंभरोशीहून प्रतापगडाचा फांटा फुटतो. गड समोरच होता. कोंवळें ऊन प्रथम त्याच्या बुरुजावर आलें आणि मग अर्ध्या तासानें जावळीच्या रानांत उतरलें. तोंवर रान निळें होतें. पलीकडे कोयनेचें खोरें धुक्यानें काठोकांठ भरलेलें. वाईहून अफझलखानाची फौज १६५९ सालीं पारच्या बाजूस उतरली ती रडतोंडीच्या घाटानें. घाटाला हें नांव कोणीं दिलें असेल तें असो, देणारा उतरून आलेल्या माणसांचीं तोंडें पाहून बसला असावा. रस्ता नव्हता, मोटार नव्हती. हत्ती आणि उंट होते, आणि उंटाच्या पाठीवर माणसाला उंट लागत असलाच पाहिजे. खानाला पुढें काय झालें तें सर्वांस ठाऊक आहे. आम्ही पिठलें-भाकर मागविली आणि अर्ध्या भाकरीवरच थांबलों. ताक मात्र दोन पेले प्यालों.

नऊच्या सुमारास हिशेबानें ३४ चें शून्य होत होतें. हातचा दीड तास धरून आम्हीं त्याला साडेदहास उठविलें. त्यानें तोंड धुतलें, खाणावळवाल्या बाईंच्या हातचा कोरा चहा घेतला, आणि आमची वही मागच्या आसनावर भिरकावून दिली. खालचा घाट आम्ही ताशीं वीस-पंचवीसनें उतरलों. आम्ही पुढें बसून दूरच्या डोंगरावर नजर ठेवली. पोलादपूरच्या अलीकडे एका वळणावर त्यानें वेग आणखी कमी केला. दोघेही कांहीं बोललों नाहीं. पोलादपुरीं सावित्रीचें पाणी दिसलें, मग महाड, मग वरंध घाट चढून भोर. वरंध्याच्या माथ्यावर माकडांनीं आलेपाकाचा डबा पळविला.

घरीं पोंचावयास दिवे लागले. वहिनी ओसरीवरच उभ्या होत्या. त्यांनीं आधीं मुलाकडे पाहिलें, मग आमच्याकडे.

"कितवा नंबर आला?"

आम्ही उत्तराची जुळवाजुळव करीत होतों. पुतण्यानें बूट काढले, आईजवळ पायरीवर बसला, आणि म्हणाला, "आई, बैस जरा. सांगतों."